‘गाठ होती’ असं सांगायचं नाही

ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे ऑपरेशन करून छाती लहान करून घेणं. ते करावं की नाही याचा घोळ मी काही वर्षं घातला आणि गेल्या जानेवारीत एकदाचं करून टाकलं. ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. भूल दिली, जाग आली तेव्हा छातीवर पट्ट्या होत्या. ठरवण्याबद्दल मात्र पुष्कळ आहे, आणि बायका ते एकमेकींना सांगत नाहीत.

मी ४२ वर्षांची. कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर, मुलगी अकरावीत, आणि घरात सासूबाई. राहायला मंगळवार पेठेत, म्हणजे एका घरात शिंकलं तर चार घरांत कळतं.

सातवीपासूनच माझी छाती वर्गातल्या मुलींपेक्षा मोठी. ओढणी दोन पिना लावून घ्यायची, पळायच्या शर्यतीत नाव द्यायचं नाही, पुस्तकं छातीशी धरून चालायचं. या सवयी इतक्या अंगवळणी पडल्या की त्या कशासाठी लागल्या तेच विसरायला झालं. मुलगी झाल्यावर आणखी वाढली ती तशीच राहिली. महाद्वार रोडवर माझ्या मापाची ब्रेसियर मागितली की दुकानदार म्हणणार, ‘अडतीसमध्ये एवढा मोठा कप येत नाही ताई, बेचाळीस न्या.’ बेचाळीसमध्ये छाती मावते, पण खालचा पट्टा सैल पडतो. खरा आधार त्या खालच्या पट्ट्याचा असतो, तो सैल असला की सगळं ओझं खांद्यांवर येतं. माझ्या दोन्ही खांद्यांवर बोट बसेल असे चर पडले होते. आमचा लेडीज टेलर एकदा म्हणाला होता, ‘वहिनी, तुमच्या पाठीचं माप आणि पुढचं माप एका बाईचं वाटत न्हाई.’ त्याच्या मनात काही नव्हतं, तो हिशेबाचं बोलत होता. मी ब्लाऊज घेऊन घरी आले आणि पुढं बरेच महिने साडी नेसले नाही.

खरा छळ पावसाळ्यात. कोल्हापूरचा जुलै म्हणजे कपडे वाळत नाहीत, घर वाळत नाही, आणि माझ्या छातीखालची घडी तर अजिबात वाळायची नाही. तिथं दरवर्षी लाल चट्टे, खाज, मग कातडी सोलवटायची. पावडर, मलम, पंख्याखाली बसणं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, ‘मी दरवर्षी मलम देत राहीन आणि तुम्ही दरवर्षी येत राहाल. घडी आहे तोवर हे आहे. प्लास्टिक सर्जनला दाखवून या.’ तोवर ‘प्लास्टिक सर्जन’ हा शब्द मी फक्त सिनेमातल्या नट्यांच्या बाबतीत ऐकला होता.

त्याआधी बाकीचं सगळं करून झालं होतं. मान आणि खांदे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडं गेले. एक्स-रे चांगला निघाला, व्यायाम करा, वजन कमी करा म्हणाले. केलं. पहाटे रंकाळ्याला चालायला जाऊन, भात सोडून ८१ वरून ७३ किलोंवर आले. पोट गेलं, चेहरा उतरला, बायका ‘आजारी हायसा काय?’ विचारायला लागल्या. छाती मात्र हटेना. थोडी चरबी उतरली, पण ग्रंथी आणि ताणलेली कातडी जागच्या जागी, त्यामुळं ती कमी व्हायच्या ऐवजी आणखी ओघळली. घडी जास्तच खोल झाली.

पहिल्यांदा गेले ते एका काचेच्या दारांच्या क्लिनिकमध्ये. तिथल्या बाईंनी मला तपासायच्या आधीच ‘पॅकेज’ सांगितलं. छातीबरोबर पोटाचं लायपोसक्शन केलं तर सवलत, आणि ती गुढीपाडव्यापर्यंतच. दोन वर्षांत पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या माणसाकडं मी आमच्या काउंटरवरून जशी बघते, तशीच त्या बाईंकडं बघत बसले. घरी येऊन बोर्डावरच्या पदव्या तपासल्या. प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएसनंतर शस्त्रक्रियेचं शिक्षण आणि त्यापुढं प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ म्हणजे ते नव्हे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं डॉक्टरांची नोंदणी असते, तिथं कोण काय शिकलंय ते बघता येतं. नवऱ्यासाठी मोबाइल घेताना आपण यापेक्षा जास्त चौकशी करतो.

दुसरे डॉक्टर शहरातलेच, वयस्कर, बोलायला कमी. नर्सला खोलीत थांबवून घेऊन तपासलं. शिंप्यासारखी टेप काढली आणि गळ्याखालच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंत मोजलं. माझं अंतर ३३ सेंटिमीटर भरलं. तरुण बाईत ते साधारण २० च्या आसपास असतं म्हणाले. मग कागदावर काढून दाखवलं. स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली सरळ, आणि खालच्या घडीत आडवी, अशी चीर. स्तनाग्र कापून वेगळं करत नाहीत. ज्यातून रक्त आणि संवेदना येते तो मांसाचा देठ राखतात आणि त्याच्यासकट वर सरकवतात. जास्तीची ग्रंथी, चरबी आणि कातडी काढून टाकतात.

‘नुसतं लायपोसक्शन करून भागणार नाही का?’ मी विचारलं. पॅकेज डोक्यात होतंच.

‘चरबी निघेल. लोंबलेली कातडी कुठं जाईल?’

धोके त्यांनी न विचारता सांगितले. रक्त साठू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, जिथं उभी आणि आडवी चीर मिळते तिथं जखम भरायला वेळ लागतो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, कधी कायमची जाते. क्वचित त्याचा रक्तपुरवठाच तुटतो. पुढं बाळंतपण असेल तर अंगावर पाजणं जमेलच असं नाही. तो प्रश्न माझ्यापुरता संपलेला होता. व्रण कायमचे, आणि आपल्या सावळ्या कातडीवर ते जाड होण्याची शक्यता जास्त. त्यासाठी त्यांनी माझ्या सिझेरियनचा व्रण बघितला. तो सपाट आणि फिका होता. ‘हे चांगलं लक्षण,’ म्हणाले, ‘पण हमी नव्हे.’

मग एकदम विचारलं, ‘मिश्री लावता?’

मला हसू आलं. ‘मी नाही, सासूबाई लावतात.’

‘हसू नका. तंबाखू कुठल्याही वाटेनं गेली तरी निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. सिगरेट ओढता का विचारलं तर इथल्या बायका नाही म्हणतात आणि पहाटे मिश्री लावून आलेल्या असतात.’

आधीच्या पेशंटचे फोटो मागितले. चेहरे झाकलेले होते. चांगले दाखवले आणि एक वाईटही दाखवला. त्यात व्रण दोरीसारखे उठलेले होते आणि एका बाजूची जखम चिघळली होती. ‘ही माझीच पेशंट,’ म्हणाले. त्या फोटोनं मी घाबरायला हवं होतं, पण झालं उलटंच. या माणसाकडून करून घ्यायला हरकत नाही असं तिथं पहिल्यांदा वाटलं. तरी दुसरं मत असावं म्हणून पुण्याला जाऊन आले. तेच ऐकलं, जास्त पैशांत.

पैशांचं सांगते, कारण माझा धंदा तोच. सगळा खर्च धरून दीड लाखाचा अंदाज आला. बिलिंगवाल्या मुलीनं त्यात १८ टक्के जीएसटी धरला, म्हणजे वर २७,००० रुपये. मी म्हटलं, दवाखान्याच्या उपचाराला जीएसटी कुठं असतो? तर म्हणाली, ‘मॅडम, हे कॉस्मेटिक आहे.’ घरी येऊन मी नियम वाचून काढला. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा अपघात यांमुळं बिघडलेला अवयव किंवा त्याचं काम पूर्ववत करायचं असेल तर माफी, एरवी कॉस्मेटिक सर्जरीवर कर. माझ्या घडीतले चट्टे यातल्या कशात बसत होते, देव जाणे. विम्याचंही तसंच. नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची असेल, किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तरच देतात. डॉक्टरांनी मान-खांदेदुखी, वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग, सगळं लिहून दिलं. ‘तातडीचा धोका’ लिहायला मात्र नकार दिला. ‘नाही तो कसा लिहू?’ विम्याचं नाही आलं ते अपेक्षेप्रमाणेच.

तेव्हाच डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. हा झगडा अमेरिकेतही आहे. तिथं श्नूर नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९९१ मध्ये प्लास्टिक सर्जन मंडळींना विचारून एक कोष्टक बनवलं. बाईच्या उंची-वजनावरून शरीराचा पृष्ठभाग काढायचा, आणि त्या मानानं किती ग्रॅम काढावं लागणार ते बघायचं. ठरावीक रेघेच्या वर असेल तर उपचार, खूपच खाली असेल तर हौस. तिथल्या विमा कंपन्यांनी ते उचललं. त्यानं मूळ प्रश्न विचारला होता तो इतकाच की या बायका दुखतं म्हणून येतात की दिसण्यासाठी येतात.

मी कॅशियर. वजन-मापाचं मला वावडं नाही. पण एखाद्या बाईचं दुखणं खरं की खोटं हे तिच्यातून किती ग्रॅम निघालं त्यावर ठरणार, हे ऐकून मला पहिल्यांदा राग आला. आणि राग आल्यावर लक्षात आलं की मीही स्वतःला तेच विचारत होते. मनात एक काउंटर उघडला होता आणि तिथं उभी राहून मी कागद दाखवत होते: हा एक्स-रे, हे मलम, हे खांद्यावरचे चर. आता मंजूर करा.

डॉक्टरांनी एक प्रश्न देऊन घरी पाठवलं होतं. ‘समजा ऑपरेशननंतर मान-पाठ आहे तेवढीच दुखत राहिली आणि फक्त आकार कमी झाला, तर पैसे वाया गेले असं वाटेल? उत्तर ठरलं की या.’

घरात कोण काय म्हणालं ते सांगायला हवं. नवरा म्हणाला, ‘तुला वाटतं ते कर.’ हे उत्तर चांगलं वाटतं, पण त्यात काही नसतं. मी भांडून भांडून त्याला बोलतं केलं. त्याला भूल देण्याची भीती होती, पैशांची नव्हती. संवेदना जाऊ शकते हेही मी त्याला नीट सांगितलं. लग्नाला अठरा वर्षं होऊन आम्ही त्याबद्दल कधी शब्दांत बोललो नव्हतो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘ते तुझं जाणार, माझं काय?’ मग मीच सांगितलं की तुझंही काहीतरी जाणार. ते बोलणं अवघड होतं. पण व्हायला हवं होतं.

सासूबाई देवाच्या बाजूनं. ‘देवानं दिल्यालं कापून टाकतीस व्हय? पोरीला पाजलंस त्येनं.’ लेकीचं वेगळंच. तिनं पुस्तकातून डोकं न काढता विचारलं, ‘म्हणजे मलापण करायला लागणार?’ तिची ठेवण माझ्यावर गेलीय. मी म्हटलं, तुला त्रास झाला तर तू ठरव, नाही झाला तर कशाला. ती ‘हं’ म्हणाली. या उत्तरावर मी अजूनही खूश नाही. शाळेत असताना मला कुणी असं ऑपरेशन असतं एवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, की मी आरशात जास्त बघायला लागले असते, हे मला ठरवता येत नाही.

आणि नणंद. ती व्यवहारी. ‘वहिनी, करा की. लोकांना सांगायचं, गाठ होती, काढली.’

हे सगळ्यांना पटलं. सासूबाईंनाही! देवानं दिलेलं कापायचं नाही, पण गाठ म्हटली की कापायला हरकत नाही. गाठीला मान आहे. गाठ म्हटली की रजा मिळते, शेजारीण डबा देते, अंबाबाईला ओटी भरतात. मला दिवसरात्र जे टोचत होतं त्याला असलं काही नाही, कारण त्यानं कुणी मरत नाही. मी दोन दिवस त्या गाठीचा विचार केला. पेठेत गाठ म्हणजे संध्याकाळपर्यंत कॅन्सर, आणि रविवारपर्यंत माझ्या लेकीला ‘आई कशी हाय गं?’ विचारताना डोळ्यांत पाणी. नको.

त्यात मॅमोग्राफी करायची होती. चाळिशीनंतर असं ऑपरेशन करायचं तर आधी ती करतात. दोन पाट्यांमध्ये छाती दाबून धरतात. दुखतं, पण लगेच सुटतं. रिपोर्ट यायच्या मधल्या वेळात एक विचार आला, तो लिहायला लाज वाटते. खरंच गाठ निघाली तर? तर सगळं सोपं होईल. विमा देईल, जीएसटी नाही, सासूबाई गप्प. असा विचार डोक्यात यावा याचीच मला भीती वाटली. रिपोर्ट आला: बाय-रॅड्स २. म्हणजे काळजीचं काही नाही, एका बाजूला जुना कॅल्शियमचा कण आहे, तो निरुपद्रवी.

त्यानंतर डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःला दिलं. मान तेवढीच दुखत राहिली तरी मला हे हवं होतं. मला तयार ब्लाऊज घालायचा होता. टेंबलाईच्या जत्रेत पी-ढबाक वाद्यं वाजत असतात त्या गर्दीत बायकांबरोबर चालताना हात छातीपाशी आडवा न धरता चालायचं होतं. पतसंस्थेत समोरचा माणूस पावतीकडं बघतोय की कुठं, हे न तपासता पैसे मोजायचे होते. याला हौस म्हणायचं असेल तर हौस. चट्टे खरे होते, मानदुखी खरी होती आणि हौसही खरी होती. एकीसाठी दुसरी खोटी ठरवायची गरज नव्हती. जीएसटीचे २७,००० भरले, पावती घेतली. माझ्या संस्थेतली आवर्त ठेव मोडली.

तारीख जानेवारीची ठरवली. पावसाळ्यात जखम नको आणि मार्चअखेरला कॅशियर रजेवर नको. मॅनेजर साहेबांना सांगितलं, ‘छातीचं वजन कमी करायचं ऑपरेशन आहे.’ त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत अर्जावर सही केली आणि नंतर आठवडाभर माझ्याशी फक्त कॅलेंडरकडं बघून बोलले. एका सहकारी मैत्रिणीनं मात्र जेवणाच्या सुट्टीत हळूच नंबर मागितला.

बाकीचं थोडक्यात. उजवीकडून ५२० आणि डावीकडून ५६० ग्रॅम निघालं. काढलेलं तपासायला पाठवलं, स्वच्छ निघालं. दुसऱ्या दिवशी नळ्या काढल्या आणि घरी आले. सहा आठवडे आधाराची ब्रेसियर रात्रंदिवस, हात वर करायचे नाहीत, हंडा-कळशी उचलायची नाही. केस लेक विंचरायची आणि जोरात ओढायची. डावीकडं दोन चिरा मिळतात तिथं जखम उघडली, ती भरायला बरेच दिवस ड्रेसिंग लागलं. नणंदेनं पांढरा रस्सा पाठवला, तोही गाठीच्या पेशंटला पाठवावा अशा मुद्रेनं. व्रण अजून तपकिरी आहेत. पुरते फिके व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. रोज सिलिकॉन जेल लावते. डाव्या स्तनाग्राची संवेदना पुरती परत आलेली नाही. मान अजून दुखते, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. राहिलेलं दुखणं बहुतेक काउंटरच्या खुर्चीचं आहे. खांद्यांवरचे चर हात लावला तर अजून लागतात. यंदाच्या जुलैत मलमाची ट्यूब उघडली नाही.

पावसाळा संपता संपता एका दुपारी सासूबाई माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं. तरुणपणापासून त्या छातीखाली सुती फडकं घालतात हे मला तेव्हा कळलं. एकाच घरात, एकाच दोरीवर कपडे वाळत घालत होतो आम्ही. त्यांनी विचारलं, ‘माज्या वयात करत्यात का गं?’

पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, अडुसष्ट हे वय आड येत नाही, आधी शुगर आटोक्यात आणा आणि मिश्री बंद करा, मग बोलू. चहातली साखर त्यांनी त्याच दिवशी सोडली. मिश्रीवरून आमची अजून रोज सकाळी वादावादी होते.